सुपारीचं पहिलं खांड

अडकित्ता दाबला गेला, कट्कन आवाज झाला आणि सुपारीची तीन खांडं पितळी ताटलीत पडली. पडली ती तशीच पडून राहिली. ताटली काही पुढं सरकेना.

"घ्या ना," कृष्णकांतबाबू म्हणाले. "सुपारी फुटली म्हणजे बोलणं पक्कं. तुमच्यात तशीच रीत आहे ना?"

"रीत तशीच हाये जी," चंद्रभान खाली मान घालून म्हणाला. "पन पहिलं खांड तानबाचं असते."

मग सगळ्यांनी तानबाकडं पाहिलं. तानबानं ताटलीकडं पाहिलं. जन्मभर सुपाऱ्या खाल्ल्या होत्या त्यानं, पण एवढंसं खांड उचलायला हात जड झाला असं आजवर कधी घडलं नव्हतं.

सिंदी मेघे गावच्या या वाजंत्री ताफ्यात माणसं तीनच. चंद्रभान सनई वाजवायचा. बंडूजी संबळ वाजवायचे. त्यांची साठी उलटली होती आणि जीभ तिखट होती, म्हणून सगळे त्यांना जपूनच असत. आणि तानबा, चंद्रभानचा मावसभाऊ, सूर धरायचा. सूर धरणं म्हणजे काय ते लग्नघरच्यांना कधी कळलं नाही, आणि तानबानंही कुणाला समजावून सांगितलं नाही. त्याच्या हातात सनईच असे, पण तिच्यातून एकच सूर निघे. नवरदेव मांडवात आल्यापासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत तोच. गालात वारा साठवायचा, तो सोडता सोडता नाकानं नवा ओढायचा आणि सूर तसूभर हलू द्यायचा नाही. त्या सुराच्या जिवावर चंद्रभाननं हवं तिकडं हिंडून यावं. तीस वर्षं तानबानं हेच केलं होतं. कुणी विचारलंच, "तुमी काय वाजवता गा?" तर तो म्हणे, "मी नाई वाजवत. वाजवते चंद्रभान. मी धरून राह्यतो." आणि हे सांगताना त्याला मुळीच कमीपणा वाटत नसे.

सूर आधी लागतो, सनई मागून. म्हणून सुपारीचं पहिलं खांड सूर धरणाऱ्याचं, दुसरं सनईवाल्याचं, तिसरं संबळवाल्याचं. तिघांपैकी एकानं जरी खांड तोंडात घातलं नाही, तर सुपारी परत. चंद्रभानच्या आज्यापासून चालत आलेला हा कायदा. एकदा कारंज्याच्या एका मोठ्या घरचा कारभारी लग्नाची सुपारी घेऊन आला आणि बोलता बोलता बंडूजींना "ए बुढ्ढे" म्हणून गेला. बंडूजींनी आपलं खांड ताटलीत परत ठेवलं. झालं! कारभाऱ्यानं पाय धरायचं तेवढं बाकी ठेवलं, पण ताफा काही कारंज्याला गेला नाही.

आजची सुपारी मात्र लग्नाची नव्हती. कृष्णकांतबाबू वर्ध्याला एका कचेरीत कारकून होते. गाण्याचं विलक्षण वेड, आणि गळा असा की घरच्यांनी न्हाणीतसुद्धा गुणगुणायची बंदी घातलेली. मग ते दुसऱ्यांच्या गाण्यासाठी राबायचे. गणपतीत कार्यक्रम ठरव, सतरंज्या गोळा कर, गवयाला टेशनावरून टांग्यात घालून आण. गेल्या माघात एका लग्नात त्यांनी चंद्रभानची सनई ऐकली, आणि तेव्हापासून हा माणूस झपाटल्यासारखा सायकलीवरून सिंदी मेघ्याच्या चकरा मारत होता.

"चंद्रभान, तुम्हाला मॅनेजर पाहिजे," हे त्यांचं एकच पालुपद.

"म्यानेजर?" बंडूजींनी पहिल्याच दिवशी कान टवकारले होते. "कापसाच्या जिनात असते तो? तो तं भोंग्यावर कामाले लावते अन् भोंग्यावर सोडते. आमी का कापूस पिंजून राह्यलो का बाप्पा?"

"तसला नव्हे हो बंडूजी! मी पत्रं लिहीन, ठिकाणं ठरवीन, वेळा ठरवीन. नागपूरला रेडिओ सुरू होऊन सात वर्षं झाली. तिथं अर्ज करावा लागतो हे तरी ठाऊक होतं का तुम्हाला? अमरावतीला, यवतमाळला लोक खुर्च्यांवर बसून गाणं ऐकतात. चंद्रभान स्टेजवर बसेल. गादीवर!"

"अन् मंग तुमी सांगसान, हे वाजवा, ते वाजवू नोका."

"वाजवण्यात मी बोट घालणार नाही. आईशप्पथ."

चंद्रभान नुसता ऐकत असे. सनई तोंडाला लावली की त्याच्यासारखा बोलका माणूस पंचक्रोशीत नाही, आणि ती खाली ठेवली की दोन वाक्यं धड जोडता यायची नाहीत. कुणी बाबू समोर आला की हा आपला धोतराचा सोगा पिळत उभा. तानबाला वाटे, अशा माणसाला मॅनेजर पाहिजेच. आज सकाळी सुपारी आणायचं ठरलं ते त्यानंच रुकार दिला म्हणून. चंद्रभाननं अडकित्त्यात सुपारी धरली, आणि तेवढ्यात कृष्णकांतबाबू सहज बोलावं तसं बोलले, "एक अडचण आहे. माइकसमोर दोन सनया चालत नाहीत. मी अनुभव घेतलाय. सूर अखंड चालू असतो, माइक तोच पकडतो, आणि तानांचा पार चोथा होतो. हॉलमध्ये सूरपेटी असते. भाता हलवला की बारीक सूर निघतो. तेवढा पुरे."

चंद्रभान दचकला आणि दचकून अडकित्ता दाबला गेला. सुपारी फुटली ती अशी.

तेवढा पुरे! तानबाला ते लागलं. लागलं म्हणजे चांगलंच लागलं. त्यानं खांड उचललं, पण तोंडात न घालता उपरण्याच्या टोकाला गाठ मारून ठेवलं.

"आज नाई," तो म्हणाला. "मले इचार करू द्या."

"बरोबर आहे, बरोबर आहे," कृष्णकांतबाबू घाईनं उठले. आपल्या तोंडून काय गेलं ते त्यांना आता उमगलं होतं. "मी रविवारी येतो."

घरी येऊन तानबा बाज विणायला बसला. लग्नाचं काम नसलं की तो लोकांच्या बाजा विणून देई. गावात त्याच्यासारखी ताठ बाज कुणाची नसे. पण आज सुतळी सारखी सैल पडायला लागली तेव्हा त्याची बायको पंचफुला चुलीपुढून उठून आली.

"काय झालं जी? तिसऱ्यांदा उसवून राह्यले."

त्यानं सांगितलं. पंचफुलेनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं हीच मोठी गोष्ट.

"फेका ते खांड!" ती म्हणाली. "उकिरड्यावर फेका. मोठा आला पेटीवाला! तुमी सूर धरला म्हनून चंद्रभानभाऊची सनई वाजली. नाईतं काय वाजवत होते ते, डोंबल?"

"हळू बोल वं. लोक आयकतीन."

"आयकू द्या. तीस वरीस कोनी तुमाले कायी इचारलं? नाई ना? आता देवानं तुमच्या हातात देल्लं तं नाई म्हना. खांड परत ठेवा अन् घरी या."

"अवं, पन त्याचं साजरं होऊन राह्यलं ना. गादीवर बसन तो."

"अन् तुमी?"

तानबा सुतळी ओढत राहिला. भाकरीची त्याला चिंता नव्हती. बाजांची कामं होती, दीड एकर वावर होतं. त्याला भीती वेगळीच वाटत होती. चंद्रभान वाजवत असेल त्या वेळी आपण कुठं असायचं? काय करत असायचं? आपण बाज विणत बसलोय आणि तिकडं कुठंतरी चंद्रभान वाजवतोय, हे त्याच्या डोळ्यांपुढं येईचना. इतकं सोपं चित्र, पण येईना.

"नाई म्हनतो," तो शेवटी म्हणाला. "रईवारी नाई म्हनून टाकतो."

"हां! आता कसं," म्हणत पंचफुला चुलीकडं गेली. तानबाला हलकं वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि दोन्ही एकदमच.

शुक्रवारी वर्ध्याजवळच्या एका गावात लग्न होतं. सकाळचा मुहूर्त. कुणबी घर, दारात मोठा मांडव, नवरीचा बाप हौशी. सनई त्यानं रीत म्हणून सांगितली होती आणि वर्ध्याहून बँड हौस म्हणून. अलीकडं सगळीकडं असंच होतं. दहा-बारा माणसं, लाल कोट, पितळी कर्णे, आणि सिनेमाची गाणी.

त्या दिवशी चंद्रभान रंगात होता. मांडवाच्या दाराशी तिघं बसले, तानबानं सूर धरला, आणि चंद्रभाननं असं काही सुरू केलं की बंडूजींसारखा माणूसही मधेच "अरे वा!" म्हणून गेला. तानबाला त्याच्या बोटांवरून, भुवयांवरून कळत होतं. तो कुठल्या वाटेनं निघालाय, कुठं वळणार. आता तो वर चढत होता. वर, अजून वर. तेवढ्यात नवरीच्या बापाचा पुतण्या धावत आला आणि चंद्रभानच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "ए, बस कर बे! बंद कर! नवरदेव आला, बँड वाजू दे."

चंद्रभाननं तान अर्ध्यात तोडली. पण सूर असा तोडता येत नाही. गालात भरलेला वारा संपेपर्यंत तो चालतोच. चंद्रभान थांबला, संबळ थांबला आणि एकट्या तानबाचा सूर सगळ्या वऱ्हाडापुढं वाजत राहिला. पोरी फिदीफिदी हसल्या. मग बँडनं धडाक्यात गाणं सुरू केलं आणि सगळी माणसं तिकडं पळाली.

तिघांना मागं गोठ्यात बसवलं. पत्रावळी तिथंच येणार होत्या, सगळ्यांचं जेवण झाल्यावर. तसं तर नेहमीचंच. तीस वर्षं ते गोठ्यातच जेवत आले होते, आणि वरणभात कुठंही बसून खाल्ला तरी गोडच लागतो असं तानबाचं मत होतं. पण आज त्यानं चंद्रभानकडं पाहिलं. चंद्रभान सनईची फुंकायची पत्ती काढून पुसत होता. पुसून झाली तरी पुसत होता. तोडलेली तान त्याच्या घशात अडकलीय हे तानबाला कळलं. ती आता कुठंही वाजायची नव्हती. अशा किती ताना या वर्षी अडकल्या? हळदीला एक, त्या पुलगावच्या लग्नात दोन.

तानबानं उपरण्याची गाठ सोडली, खांड काढलं आणि तोंडात टाकलं.

चंद्रभानचं पुसणं थांबलं. "काय खाल्लं बे?"

"सुपारी."

"कोन्ती सुपारी?" आणि मग त्याच्या लक्षात आलं. "थुक! थुक ते आधी!"

"नाई थुकत."

"तान्या, मी माहं खांड खात नाई, सांगून ठेवतो. मले नाई पाह्यजे म्यानेजर. मी काय मांगतलं होतं का?"

"नोको खाऊ मंग," तानबा सुपारी चावत म्हणाला. "बस अस्साच गोठ्यात. मी बी बसतो तुह्या बाजूले, माहं काय जाते? कोनी बी उठन अन् बंद कर म्हनन. तू बंद करजो. अन् म्हशी आयकतीन तुही सनई."

"तुह्याबिना मले वाजवता येईन का?"

हे चंद्रभान इतक्या बारीक आवाजात म्हणाला की बंडूजींनी तोंड फिरवलं आणि म्हशीच्या शेपटीकडं फार लक्ष देऊन पाहू लागले. तानबाच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते काही त्यानं लपवलं नाही.

"नाई आलं तं ये वापस," तो म्हणाला. "मी काय मरून राह्यलो का? सूर कुठी पळाला?"

"पेटीचा भाता तू हालव. मी सांगतो बाबूले."

"भाता मी नाई हालवत. मी सूर धरनारा हावो. ते पेटीच्या पोटात असन सूर, तं पेटीनंच धराव."

रविवारी कृष्णकांतबाबू आले ते चेहरा पाडूनच. नकार ऐकायची तयारी करून आलेला माणूस. तानबानं खांड खाल्लंय हे कळल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

"पन माही एक अट हाये," तानबा म्हणाला. "यानं एकदा का सुरू केलं, तं संपेपर्यंत कोनी बंद कर म्हनलं नाई पाह्यजे. कोनी बी. कलेक्टर आला तरी त्याले भायेर उभा ठेवाचा."

"कलेक्टरला?" कृष्णकांतबाबूंनी विचारलं. शेवटी ते कारकून होते. पण मग एकदम म्हणाले, "ठेवीन. शब्द देतो."

मग चंद्रभाननं आपलं खांड खाल्लं, बंडूजींनी "मले दात कुठी हायेत?" म्हणत आपलं गालात धरलं, आणि चंद्रभानला मॅनेजर मिळाला.

मॅनेजरची पहिली फजिती हस्तपत्रकावरच झाली. कोणता राग वाजवणार, असं त्यांनी विचारलं. चंद्रभान म्हणाला, "बिदाईचा." कृष्णकांतबाबूंना वाटलं, हा थट्टा करतोय. पण या घराण्यात रागांना नावंच नव्हती. हळदीचा होता, मांडवाचा होता, पंगतीचा होता, नवरी निघते तेव्हाचा बिदाईचा होता. बाबूंनी वर्ध्याच्या एका गाणं शिकवणाऱ्या मास्तरांना आणून ऐकवलं. मास्तरांनी दोन नावं सांगितली, मग तिसरं सांगितलं, मग म्हणाले, बिदाईचाच छापा. तसंच छापलं.

वर्ध्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, ज्येष्ठातल्या एका रविवारी, संध्याकाळी पाच वाजता कार्यक्रम ठरला. तानबा नीळ दिलेलं धोतर नेसून गेला. सोबत पंचफुला होती. तिचा राग काही गेला नव्हता. "पाह्यतोच कसं वाजवतात ते," असं म्हणून ती निघाली होती. हॉलमध्ये वकील, मास्तर, कचेरीतली माणसं. तानबा सवयीनं भिंतीशी जमिनीवर बसायला गेला, तर पंचफुलेनं दंड धरून त्याला खुर्चीवर बसवलं.

"बसा. सगळे बसले तसे बसा."

स्टेजवर पांढरीशुभ्र गादी होती. चंद्रभान तिच्यावर अगदी कडेला बसला होता, उठायला सांगतील तर सोपं जावं म्हणून. पलीकडं बंडूजी मात्र लोडाला टेकून असे बसले होते की लोडाचा जन्मच त्यांच्या पाठीसाठी. एका माणसानं सूरपेटीचा भाता हलवला, आणि सूर सुरू झाला.

तानबाचे गाल आपोआप फुगले. नाकानं वारा ओढला गेला. शेजारी बसलेल्या एका मास्तरांनी चमकून पाहिलं तेव्हा तो भानावर आला आणि त्यानं लाजून तोंड पुसलं. पेटीचा सूर बारीक होता, थोडा कोरडा, पण खरा होता. हलत नव्हता. 'धरते बाप्पा पेटी,' तो मनात म्हणाला, आणि त्याला राग यायला हवा होता तो आला नाही.

मग चंद्रभाननं बिदाईचा राग सुरू केला.

तानबाला आधी वाटलं, हा काहीतरी वेगळंच वाजवतोय. बोटं तीच होती, भुवया त्याच होत्या. कुठं जाणार ते कळत होतं, आणि तिथंच तो जातही होता. पण हे जे कानांवर येत होतं ते तानबानं कधी ऐकलंच नव्हतं. कुठून ऐकणार? सूर धरताना तो सूर डोक्यात, दातांत, कानांच्या मागं असा भरून असतो की बाकीचं सगळं पलीकडच्या वाड्यातून आल्यासारखं येतं. तीस वर्षं तो चंद्रभानच्या बाजूला बसला होता, आणि तीस वर्षांत एकदाही त्यानं चंद्रभानची सनई ऐकली नव्हती.

तो खुर्चीत सावरून बसला. सनई खाली आली, थबकली, एका सुराभोवती घुटमळली. निघायचंय, पण निघवत नाही. लग्नाच्या शेवटी नवरीची आई पदर तोंडात कोंबून रडायची, मावश्या रडायच्या, गडी माणसंसुद्धा पागोट्याच्या टोकानं डोळे पुसायची, ते तानबानं शेकडो वेळा पाहिलं होतं. गाल फुगवून सूर धरता धरता त्याला नेहमी नवल वाटायचं. लेक पलीकडच्या गावाला चाललीय, आखाडीच्या सणाला परत येणार. एवढं काय रडता बाप्पा? आज त्याला कळलं. लेकीसाठी तर ती माणसं रडत होतीच, पण त्यांना रडवत होता चंद्रभान. आणि रडणाऱ्यांच्या समोर, अगदी समोर बसून, ते एकट्या तानबालाच माहीत नव्हतं.

"अवं," तो पंचफुलेला कसाबसा म्हणाला, "हे असं वाजते?"

"मंग?" पंचफुला डोळे पुसत म्हणाली. तिचा राग कधीच वाहून गेला होता. "आपल्या लग्नात यायनंच तं वाजवलं होतं. तेवढा एक डाव तुमी सूर नाई धरला, मुंडावळ्या बांधून बसलते. आयकलं नाई तुमी?"

"मी कुठी आयकत होतो? मी तुह्याकडं पाहून राह्यलतो."

ती हसली. मागच्या कुणीतरी श्श् केलं.

तेवढ्यात दाराशी गडबड झाली. कुणीतरी बडे पाहुणे उशिरा आले होते. सोबत चार माणसं आणि हार. हार घालायचे, दोन शब्द बोलायचे, म्हणजे सनई थांबवायला हवी. तानबाचा जीव वर गेला. चंद्रभान तेव्हा नेमका चढत होता. तानबानं मान वळवून पाहिलं, तर दारात कृष्णकांतबाबू दोन्ही हात पसरून उभे. घामानं निथळत होते, ओठ "माफी असावी, माफी असावी" असं पुटपुटत होते, पण हात काही खाली येईनात. पाहुणे पाच मिनिटं उभे राहिले. दहा मिनिटं उभे राहिले. चंद्रभान वर गेला, पार टोकाला जाऊन पोचला आणि मनाला येईल तेव्हा, सावकाश, एकेक पायरी उतरून खाली आला. मगच हात खाली आले.

'मानूस कामाचा हाये,' तानबा मनात म्हणाला. आपण खाल्लेलं खांड अंगी लागलं असं त्याला वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर चंद्रभानभोवती ही गर्दी. कुणी पाठ थोपटत होतं, कुणी पुढच्या महिन्याची तारीख विचारत होतं, आणि तारखेचं उत्तर कृष्णकांतबाबू देत होते. चंद्रभान त्या सगळ्यांतून वाट काढत, हार गळ्यात तसाच, तानबापुढं येऊन उभा राहिला.

"कसं वाजलं बे?"

हा प्रश्न तीस वर्षांत त्यानं तानबाला कधी विचारला नव्हता. तानबाला खूप काही सांगायचं होतं. पण बोलण्यात तोही चंद्रभानचाच भाऊ. शेवटी जे तोंडात आलं ते भलतंच आलं.

"साजरं वाजलं. पन शेवटी उतरताना तिसऱ्या जागी तू घाई करतं."

पंचफुलेनं कपाळावर हात मारला. कृष्णकांतबाबूंचा चेहरा उतरला. चंद्रभान मात्र डोळे बारीक करून, बोटं हवेतच हलवून, ती जागा शोधत राहिला. सापडली.

"घाई करतो मी?"

"करतं."

"अन् तीस वरीस सांगतलं नाई तुनं?"

"मले आयकू कुठी येत होतं?"

चंद्रभाननं त्याच्याकडं पाहिलं. मग त्याला जे कळायचं ते कळलं असावं, कारण त्यानं तानबाचा हात धरला आणि टांग्यापर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जिनाचा भोंगा वाजायच्या सुमाराला, चंद्रभान अंगणात रियाजाला बसला. तानबा रोजच्यासारखा आला आणि रोजच्यासारखा त्याच्या डाव्या हाताला बसायला गेला.

"तिकडं नाई," चंद्रभान म्हणाला. "समोर बस."

तानबा समोर जाऊन बसला. आपली सनई त्यानं बाजूला ठेवली. हात कुठं ठेवावेत ते त्याला समजेना. आधी त्यानं ते काखेत घातले, मग जमिनीवर टेकले. शेवटी दोन्ही मांड्यांवर ठेवले आणि म्हणाला, "हं. कर सुरू."